चौथी बाजू

ओली मेंढी कोरड्या मेंढीच्या दुप्पट जड लागते.

*

टाकीची लांबी अठरा फूट, रुंदी अकरा, खोली चार. चारातला एक फूट गाळ.

*

पाटी: मगर. धोकादायक प्राणी. दगड मारू नये.
(खाली खडूनं, कुणीतरी: तूच धोकादायक.)

*

विट्याहून येणारी गाडी पुलावर आली की एक बाई खिडकीकडं तोंड करून बसते. पूल संपेपर्यंत नजर काढत नाही. बाहेर पाणी सोडून बघण्यासारखं काही नसतं.

*

माणमध्येही नदी आहे. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रातून मोटारसायकल जाते.

*

चौदा मार्च.

*

आवक रजिस्टर, पान एकेचाळीस. हे पान खरं तर इथं यायला हवं. ते शेवटी येईल.

*

मी शंभूराज. कृष्णाकाठच्या एका गावात नगरपालिकेची बाग आहे आणि बागेच्या मागच्या अंगाला प्राणिसंग्रहालय. म्हणायला संग्रहालय. अकरा चितळ, दोन कोल्हे, डोळ्यांत मोतीबिंदू झालेलं एक माकड, मोर, पांढरे उंदीर आणि टाकीत मगर. एकोणीस वर्षं मी इथं आहे. सकाळी दार उघडतो, संध्याकाळी लावतो, मधल्या वेळात प्राणी जिवंत राहतील एवढं बघतो. आवक रजिस्टरही मीच लिहितो. कोणता प्राणी आला, कुठून आला, कधी, किती वाजता.

एकोणीस वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न मगरीबद्दलचा आहे. खरी आहे का? पोरं पैज लावतात. ती तास तास हलत नाही, म्हणून सिमेंटची आहे असं म्हणणारी पोरं बहुतेक वेळा पैज जिंकतात, कारण त्यांची सहल निघून जाते तरी ती हललेली नसते.

*

हरणाबाई माण तालुक्यातली. म्हसवडच्या अलीकडं तिचं गाव, पाऊस चुकवून जातो त्या पट्ट्यातलं. दिवाळी झाली की तिच्या घरची मेंढरं खाली कृष्णेकडं यायची. ऊस तुटून गेलेल्या शेतात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत, यांना चारा. असा जिथं मुक्काम पडतो त्याला ती माणसं वाडा म्हणतात. वाड्याला भिंत नसते, छप्पर नसतं. पण तो बसवायची रीत पक्की असते. मधोमध वाघर, म्हणजे दोरीची जाळी, तिच्यात कोकरं. कोकरांभोवती मेंढरं. मेंढरांच्या बाहेर चार बाजूंना चार माणसं, तोंडं बाहेर, प्रत्येकाजवळ एक कुत्रं. कारण लांडगा कुठल्याही बाजूनं येतो.

त्या वर्षी जागा मिळाली ती अगदी नदीला लागून. हरणाबाईचा नवरा बिराप्पा जागा बघून आला आणि खूश झाला. तीनच बाजू राखायच्या, चौथीला नदी. लांडगा काही पाण्यातून यायचा नाही. चौथ्या बाजूचा माणूस मोकळा झाला. चौथ्या बाजूचं कुत्रंही उसाच्या कडेला नेऊन बांधलं.

हे चुकलं. पण माणच्या माणसाला दुसरं काय सुचणार होतं? त्यानं जन्मभर पाण्याची वाट पाहिलेली. पाण्यावर नजर ठेवायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

*

लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतात. चौदा मार्चला सकाळी धुणं काढलं. राणी, त्यांची मुलगी, चौदा वर्षांची, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेक मेंढरू चोळत होती. बिराप्पा पुढची मेंढरं आणायला वर गेला होता. हरणाबाई काठावर होती, पाण्यापासून सात-आठ पावलांवर. धुऊन निघालेली मेंढरं उसात शिरू नयेत एवढं बघायचं तिचं काम. म्हणून तिचं तोंड उसाकडं, पाठ नदीकडं.

राणी ओरडली नाही. मेंढरू ओरडलं. हरणाबाईनं वळून पाहिलं तर मेंढरू एकटंच काठ चढत होतं. लोकरीतून पाणी गळत होतं आणि त्या वजनानं त्याचे पाय वाकत होते.

समोरच्या काठावर एक माणूस मोटर चालू करायला आला होता. त्यानं शेपूट पाहिलं. त्याच्याशिवाय कुणीच काही पाहिलं नाही.

होड्या घालून शोधलं. ओढणी सापडली.

*

बागेत मगर पकडून ठेवलेली आहे हे गावात सगळ्यांना कळलं होतं. सोळा तारखेला दुपारी माणसं आली. दीडशे तरी असतील. काहींच्या हातात दगड, काहींच्या हातात मोबाइल. मी टाकीच्या जाळीपाशी किल्ली घेऊन उभा होतो. गर्दी बाजूला झाली आणि हरणाबाई पुढं आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

ती बराच वेळ पाण्यात बघत राहिली. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "हीच का?"

मी मान हलवली. कशी हलवली हे मला आता नीट सांगता येत नाही. हो म्हणताना हलते तशी असेल. लोकांनी ती तशी घेतली.

मागून एक दगड आला आणि मगरीच्या पाठीवर पडला. हरणाबाई वळली.

"दगूड मारू नगा," ती म्हणाली. "पोर हाय आत."

दीडशे माणसं पाच मिनिटांत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मगरीसाठी वनखात्यानं नदीत लावलेला सापळा उचलला, कारण आता त्याची गरज नव्हती. घाटावर पुन्हा म्हशी धुवायला माणसं उतरू लागली. दीड वर्षानं त्याच घाटाजवळ एका माणसाचा पाय गेला. लोक म्हणाले, नदीत काय एकच मगर असते का?

*

त्यानंतर ती दर चौदा मार्चला आली.

सकाळच्या गाडीनं यायची, दुपारच्या गाडीनं जायची. तिकीट काढून आत यायची. मी नको म्हटलं तरी काढायची. टाकीच्या कट्ट्यासमोर एक दगडी बाक आहे, त्यावर पाण्याकडं तोंड करून बसायची. त्या दिवसापासून ती पाण्याकडं पाठ करत नाही. घरी रांजणाकडंसुद्धा नाही, असं तिनं सांगितलं, आणि सांगताना हसली. म्हणाली, सासू चेष्टा करती, रांजणात कोण बसलंय व्हय गं.

येताना मूठभर लोकर आणायची. त्यांच्या घरात मुलगी जन्मली की तिच्या नावानं एक मेंढी राखतात. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी त्या मुलीची. त्यांच्या लोकरीतून लग्नात तिचं घोंगडं होतं. राणीच्या नावाच्या मेंढीचा वंश अजून चालू आहे. त्याची मूठभर लोकर हरणाबाई जाळीतून पाण्यात सोडायची. पाटीवर लिहिलेलं होतं, आत काही टाकू नये. एकदा मी ते तिला वाचून दाखवलं.

"मला वाचाय येत न्हाई, त्ये लय बरं हाय," ती म्हणाली.

लोकर थोडा वेळ तरंगायची. मग पाणी पिऊन बुडायची. मगरीनं तिच्याकडं कधी पाहिलं नाही.

दरवर्षी मी ठरवायचो की आज सांगायचं. दरवर्षी चहा आणायला जायचो आणि चहा घेऊन परत यायचो. बिराप्पा कधी आला नाही. तो खाली कृष्णेकडं उतरायचाच बंद झाला होता. मेंढरं भावाच्या ताब्यात देऊन घरी चार शेळ्या बघत होता. "त्येंनी म्हटलं हुतं ना, चौथी बाजू राखायची गरज न्हाई," हरणाबाई म्हणाली. "आता दिसभर दारात बसत्यात. चारीकडं बगत्यात."

*

दोन हजार एकोणीसच्या पुरात बाग पाण्याखाली गेली. चितळांना आम्ही होडीतून काढलं, कोल्ह्यांचा पिंजरा शाळेच्या गच्चीवर नेला. मगरीचं काही करता आलं नाही. पाणी टाकीच्या कडेवरून गेलं, मग जाळीवरूनही गेलं. चार दिवस टाकी आणि नदी एकच होती. अडवायला काही नव्हतं. जरा शेपूट हलवलं असतं तर ती घरी गेली असती.

पाणी उतरलं. मी चिखलातून गेलो. ती टाकीच्या तळाशी होती, रोजच्या कोपऱ्यात, भिंतीला नाक लावून.

रस्ते सुरू झाले त्या दिवशी हरणाबाई आली. चौदा मार्च नव्हता, ऑगस्ट होता. पायांना चिखल होता. दारातूनच विचारलं, "हाय का?"

आहे म्हटलं. ती तिथंच, चिखलातच खाली बसली.

*

प्राणिसंग्रहालय असावं की नसावं, हे मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, नसावं. मग हरणाबाई आठवली असती आणि मी म्हटलं असतं, राहू दे. अशा माणसाला कुणी विचारत नाही ते बरोबरच आहे.

*

भार्गवी वाईची. जनावरांची डॉक्टर, तिशीतली. पकडलेल्या आणि जखमी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून ती दोन वर्षांपूर्वी आली आणि टेप घेऊन टाकी मोजली. अठरा, अकरा, चार. फोटो काढले. मगरीच्या नाकावरची जखम, जी भिंतीवर घासून घासून झाली आहे, तिचे जवळून फोटो काढले. मला शंभूदादा म्हणायची, त्यामुळं रागावता येत नव्हतं. तिनं अर्ज केला की हे संग्रहालय बंद व्हावं. तिचं म्हणणं साधं होतं. इथं येऊन मुलं प्राण्याबद्दल काही शिकत नाहीत. उलटून काही करू शकत नाही अशाला दगड मारता येतो, एवढंच शिकतात.

मला ते पटलं होतं. दगड मीच तर रोज टाकीतून वेचून काढतो.

गेल्या वर्षीच्या चौदा मार्चला ती सह्यांचा कागद घेऊन बागेत फिरत होती. फिरत फिरत दगडी बाकापाशी गेली. मी चितळांना पाणी घालत होतो. बादली टाकून धावलो, तोवर ती बोलायला लागली होती.

"मावशी, हिनं कुणाचा काय गुन्हा केलाय? जन्मठेप कशासाठी?"

"म्या कुटं म्हनलं गुन्हा क्येला?" हरणाबाई म्हणाली. "तिनं तिचं पोट भरलं."

मी मध्ये पडून भार्गवीला सांगितलं, या कोण आहेत ते. भार्गवीनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पलीकडं माकडानं पिंजरा हलवला.

मग हरणाबाईनं विचारलं, बंद झाल्यावर हिला कुठं नेणार? भार्गवीनं सांगितलं की लांब, दुसऱ्या राज्यात, एका मोठ्या केंद्रात. तिथं तळी आहेत, वाळू आहे, ऊन आहे. नदीत का सोडत नाही, असं हरणाबाईनं विचारलं नाही. ते मी मनात विचारलं. नऊ वर्षं हातानं खाऊ घातलेली मगर नदीत सोडली तर ती माणसाची चाहूल लागली की जवळ येईल. इतकं मलाही कळतं.

भार्गवी मग असं काही बोलली की जे तिनं बोलायला नको होतं. पण ती डॉक्टर आहे आणि तिला वाटलं की खरं सांगितल्यानं बरं वाटतं. म्हणाली, मावशी, मगरीच्या पोटात हाडंसुद्धा विरतात. थोड्याच दिवसांत. आत आता काही नाही. नऊ वर्षं झाली.

"मातीत पुरल्यालं तरी कुटं ऱ्हातंय वो?" हरणाबाई म्हणाली. "जागा ऱ्हाती न्हवं का?"

भार्गवीनं पुन्हा सह्यांचा कागद बाहेर काढला नाही. पण तोवर सह्या पुरेशा झाल्या होत्या.

*

सूचना. या प्राणिसंग्रहालयाची मान्यता संपुष्टात आली असून सर्व प्राण्यांचे टप्प्याटप्प्याने स्थलांतर करण्यात येईल. नागरिकांनी सहकार्य करावे.

(खाली खडूनं: माकडाला आमच्या शाळेत पाठवा, सर कमी आहेत.)

*

आधी मोर गेले. मग चितळ. पिंजऱ्यात चढताना एक चितळ मेलं. त्याला काही झालं नव्हतं, ते नुसतं घाबरलं होतं. कोल्हे गेले. माकडाला कुणी घेईना, ते अजून आहे.

मगरीची पाळी कार्तिकात आली. त्याच्या आदल्या आठवड्यात भार्गवीनं कागद तयार करायला घेतले. प्राणी कुठून मिळाला, कधी मिळाला, हे लिहावं लागतं. तिनं आवक रजिस्टर मागितलं. मी म्हटलं, मी बघून सांगतो. ती म्हणाली, दादा, नक्कल लागते, द्या इकडं.

मी दिलं.

तिनं पान एकेचाळीस काढलं. बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. बाहेर माळी नळी धूत होता, त्याचा आवाज येत होता. भार्गवीनं माझ्याकडं पाहिलं. मी माकडाकडं पाहिलं.

"त्यांना माहीत आहे?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं.

"दादा, नऊ वर्षं," ती म्हणाली.

मी तिला एवढंच विचारलं की आता ती काय करणार. तिनं पानाचा फोटो काढला, रजिस्टर मिटलं आणि माझ्या टेबलावर अगदी कडेला सरळ रेषेत ठेवलं. म्हणाली, तुम्ही सांगा. तुम्हीच सांगायला पाहिजे. मी हो म्हटलं.

*

मगरीला न्यायला गाडी आली त्या सकाळी हरणाबाई आली आणि तिच्याबरोबर बिराप्पाही आला.

मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, वाळलेला, डोक्याला लाल पटका, खांद्यावर काळं घोंगडं घडी घालून. दारातून आत येताना तो रिकाम्या पिंजऱ्यांसमोर एकेक मिनिट थांबत आला. कोल्ह्यांच्या पिंजऱ्यापाशी पाटी अजून होती, चित्रासकट.

"ह्यो कोल्हा बगायला तिकीट हुतं?" त्यानं मला विचारलं. "आमच्याकडं या की. फुकाट दावतो. आन् कोंबडी बी घिऊन जाईल तुमची."

हरणाबाई कुजबुजली, "बास की आता." तो हसला नव्हताच, त्यामुळं थांबवण्यासारखं काही नव्हतं.

टाकी रिकामी केली होती. तळाच्या गाळात मगर पडली होती. नेमकी केवढी आहे हे मला त्या दिवशी दिसलं. पाण्यात ती मोठी वाटायची. चार माणसांनी तिच्या जबड्याला दोरी गुंडाळली, पाय बांधले. तिनं एकदाच अंग फिरवलं आणि मग सोडून दिलं. चौघांनी तिला वर आणून लांब पेटीत ठेवलं. गाळात लोकर होती. नऊ वर्षांची. काळी, चिकट, भिंतीच्या कडेनं साचलेली. हरणाबाईनं ती पाहिली.

प्रवासात मगरीच्या डोळ्यांवर ओलं कापड टाकावं लागतं. डोळे झाकले की ती शांत राहते. भार्गवीनं गोणपाट मागितलं. माणूस आणायला निघाला, तेवढ्यात बिराप्पानं खांद्यावरचं घोंगडं काढलं.

"ह्ये घाला," तो म्हणाला. "तिचंच हाय."

राणीचं घोंगडं. तिच्या नावाच्या मेंढीच्या लोकरीचं. या नऊ वर्षांत त्यानं ते विणून घेतलं होतं. कुणाच्या लग्नासाठी, हे त्याला कुणी विचारलं नसेल. भार्गवीनं ते हातात घेतलं आणि ती तशीच उभी राहिली. मग तिनं ते बादलीत बुडवलं. उचलताना तिला पेलेना, दोन्ही हात लावावे लागले. मी धरायला गेलो. आम्ही दोघांनी ते मगरीच्या डोळ्यांवर घातलं.

बिराप्पा माझ्याजवळ आला. त्याच्या अंगाला शेळ्यांचा वास होता.

"सायेब, येकच इचारतो," तो म्हणाला. "त्या वक्ताला म्या आलो न्हवतो. हिनं बगितलं, म्या न्हाई. हीच हाय न्हवं?"

भार्गवी दोन हातांवर होती. तिच्या हातात कागदांची फाइल होती. फाइलमध्ये पान एकेचाळीसची नक्कल होती. तिनं मान खाली घातली होती. मला वाटलं ती बोलेल. बहुतेक तिलाही वाटलं असेल की मी बोलेन.

हरणाबाई माझ्याकडं बघत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती टाकी सोडून माझ्याकडं बघत होती.

"हीच," मी म्हणालो.

बिराप्पानं मान हलवली. मग तो खाली बसला, पेटीत ठेवलेल्या मगरीच्या पाठीवर त्यानं तळहात ठेवला, आणि मेंढरू उठवताना थोपटतात तसं दोनदा थोपटलं.

भार्गवीनं कागदावर माझी सही घेतली. पेन परत घेताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती त्या गाडीबरोबर गेली आणि त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. तिनं फक्त एक संदेश पाठवला. पोचली. सुखरूप आहे.

*

आठ दिवसांनी शेजारणीच्या फोनवरून हरणाबाईचा फोन आला.

पोचली का? पोचली म्हटलं. खाल्लं का काही? खाल्लं असेल. ऊन हाय का तिकडं? भरपूर आहे.

मग विचारलं, "आनिक किती हायत तिकडं?"

मला भार्गवीनं आधी सांगितलेलं आठवत होतं. मी म्हटलं, असतील तीनशे-साडेतीनशे.

फोनवर बाकीचे आवाज येत होते, शेळी, कुणाची तरी शिट्टी.

"मग त्यातली आमची कंची?" ती म्हणाली.

मी म्हटलं, शेपटीला नंबर लावतात. तिनं नंबर विचारला. मला माहीत नव्हता. विचारून सांगतो म्हटलं. बगाय जाता यील का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, ते केंद्र लोकांसाठी उघडं नसतं. तिथं लोक येऊन बघत नाहीत, म्हणून तर ते चांगलं आहे.

"व्हय," ती म्हणाली. "चांगलंच असंल."

फोन तिनं ठेवला नाही. शेजारणीनं ठेवला असावा.

*

टाकीत आता वाळकी पानं आहेत. तिथं कारंजं होणार म्हणतात. कारंज्याचं चित्र असलेला फलक लागला आहे, त्यावर निळ्या रंगाचं पाणी.

*

या चौदा मार्चला मला वाटलं नव्हतं की ती येईल. आली. दारावर तिकिटाची खिडकी बंद होती, म्हणून ती थोडा वेळ तिथंच थांबली. मग आत आली. दगडी बाकावर बसली, कोरड्या टाकीकडं तोंड करून. कनवटीची लोकर काढली. हातात धरून बसली. कुठं सोडायची, तिला कळत नव्हतं.

मी चहा आणायला गेलो. या वेळी मी नक्की ठरवलं होतं. आता मगर नव्हती, टाकीत पाणी नव्हतं, नोकरीही दोन महिन्यांनी संपणार होती. सांगायला काहीच हरकत नव्हती. चहा घेऊन आलो तर ती उठली होती. बाक सोडून, जाळी काढलेल्या कट्ट्याच्या कडेला बसली होती. एक पाय आत सोडला होता. आणि तिची पाठ टाकीकडं नव्हती, पण तोंडही टाकीकडं नव्हतं. ती आडवी बसली होती, एका खांद्याकडं टाकी, दुसऱ्या खांद्याकडं बाग. कुठली बाजू राखायची ते न उमजलेल्या माणसासारखी.

"भाऊ," तिनं चहा घेत विचारलं, "ती तिकडं मेली तर कळवत्यात का?"

मी म्हटलं, कळवतील.

"आन् तुमी मला कळवाल?"

मी हो म्हटलं. तिनं चहा संपवला, कप कट्ट्यावर पालथा ठेवला, लोकर परत कनवटीला लावली आणि दुपारची गाडी चुकू नये म्हणून निघाली.

*

आवक रजिस्टर, पान एकेचाळीस, माझं अक्षर: मगर, मादी, एक, नदीतील सापळ्यातून, दिनांक अकरा मार्च, दुपारी दोन वाजता टाकीत सोडली. राणी नदीत उतरली त्याच्या तीन दिवस आधी.